सिंधूच्या नावाचं डेरगं

बायको सिंधू वारल्याची तार पुण्याला गिरधरच्या टेबलावर सकाळीच आली होती. दुपार उलटेपर्यंत त्याने ती वाचली नाही.

भाद्रपद चालला होता. त्या दिवसांत हवामानाच्या कचेरीत पावसाच्या तारा ढिगाने येत. कुठे किती पडला, कुठे उघडीप आहे, कोणती नदी चढली. गिरधर त्या जिल्ह्याप्रमाणे लावून ठेवी आणि दुपारी एकदम वाचायला घेई. त्या सकाळी वरच्याच तारेवर नंदुरबार दिसलं. नंदुरबारला पाऊस झालेला दिसतो, एवढंच त्याच्या मनात आलं. तार त्याने खानदेशच्या गठ्ठ्यात ठेवली, वर दगड ठेवला आणि पुढ्यातल्या कागदाकडे वळला.

पुढ्यात डार्विनचे आकडे होते. डार्विन हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचं बंदर. तिथे हवेचा दाब चढला की हिंदुस्थानचा पाऊस मागे सरतो, आणि त्याच वेळी पॅसिफिक महासागराच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर दाब उतरलेला असतो, हे सिमल्याच्या कचेरीत आकड्यांवरून निघालं तेव्हा गिरधर तिथे गणक होता. तरुण होता. तेव्हापासून त्याने दुसरं काही केलं नाही. पुढे कचेरी पुण्याला आली, तो बढती मिळून गणकाचा संशोधक झाला, पण टेबलावर तेच होतं. कोणत्या समुद्राचं पाणी कधी तापतं, कधी निवतं, आणि त्याचं आपल्या पावसाशी काय नातं. आता लढाई सुरू झाल्यापासून जहाजांवरच्या नोंदी येत नव्हत्या. रकाने कोरे पडत होते. कोऱ्या रकान्यांचं काय करावं या विचारात त्याची ती सकाळ गेली.

दुपारी त्याने दगड उचलला. तार वाचली. सिंधू वारली, लगेच ये, असं थोरल्या भावाने, हिलालने, कळवलं होतं. वाचून झाल्यावरही त्याची नजर सवयीने कागदावर पावसाचा आकडा शोधत राहिली. मग त्याने खुर्ची मागे सारली.

मुंबईची गाडी तोवर गेलेली होती. तो गावी, कोरीटला, पोहोचला तेव्हा सिंधूच्या अस्थी प्रकाशा गावाजवळ तापीत सोडून माणसं परतली होती. अग्नी हिलालच्या मुलाने दिला होता, कारण गिरधर-सिंधूला मूल नव्हतं. सकाळीच तार वाचली असती तर निदान अस्थींना तो पोहोचला असता. त्याने हे घरात सरळ सांगून टाकलं. आईने ऐकून घेतलं. धाकटी बहीण दगूबाई मात्र म्हणाली, "भाऊ, तुले वाटनं पावसानी तार शे." आणि नंतर ती त्याच्याशी बोललीच नाही.

हे झालं भाद्रपदात. आता वैशाख होता आणि गिरधर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आला होता.

नंदुरबार स्टेशनवर त्याला न्यायला आमशा बैलगाडी घेऊन आला. आमशा सातपुड्यातला, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाचा. बरीच वर्षं त्यांच्याकडे सालदार होता. ऊन डोक्यावर यायच्या आत गाव गाठायचं म्हणून त्याने बैल दामटले.

"घर काय चाली ऱ्हायनं, आमशा?"

"काय चालनार, भाऊ. पोरी माहेर ऊन्यात. निंबले झोका बांधा मी. अन् आखाजीना दुसरा दिन पेव उपसनं शे."

"पेव? कसाले?"

"हिलालदादाले इंजिन लेवानं शे ना, हिरनं पानी उपसाले. नंदुरबारना व्यापारी गाड्या लई येनार. बठ्ठी जवारी देनार. जागा झाडीसन."

"अन् पेरनार काय?"

"कापूस. ह्या बांधपाईन त्या बांधलोंग कापूस." आमशाने शेपटी पिरगाळली. थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "सिंधूबाई व्हती तवय पेवले कोनी हात नही लावे."

पेव म्हणजे अंगणाच्या कडेला जमिनीत खोल खणलेलं कोठार. आत कडेने कडबा लावलेला, तोंडावर दगड, दगडावर माती. त्यात घरातल्या सगळ्यांना आणि आमशासारख्यांच्याही पोराबाळांना पुरेल एवढी ज्वारी वर्षानुवर्षं राहत आली होती. जुनी निघे, नवी पडे. पण पेव रिकामं झालेलं गिरधरने एकदाच पाहिलं होतं. छप्पन्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळाच्या तोंडावर आखाजीला त्याच्या बापाने ते उपसून विकलं होतं. मग पाऊस आलाच नाही. गिरधर तेव्हा लहान होता. त्याच्याहून धाकटा दोधू त्या साली भुकेने गेला. तो नुसता आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला असे, एवढंच गिरधरला आठवत होतं.

घरी अंगणात माहेरवाशिणींचा गलका होता. कडुनिंबाला झोका होता आणि हिलालच्या दोन्ही मुली त्यावर उभ्या राहून गौराईची गाणी म्हणत होत्या. काका दिसताच त्यांनी गाणं थांबवलं.

"म्हना वं, म्हना," बाजेवरून त्याची आई भिकुबाई म्हणाली. आता तिला फारसं दिसत नसे, पण ऐकू सगळं येई. "मरनारना घरमा बी आखाजी येस. पोरीसनी गानं म्हनाले जोयजे. कोन, गिरधर का?"

"हां, माय." तो पाया पडला.

दगूबाई दारात सांजोऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. सात-आठ महिन्यांनी ती त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली. "यंदा येळवर ऊना भाऊ. डेरगाले तार लागत नही ना."

"दगूबाई, त्यासले पानी तं पिऊ द्या," हिलालची बायको जसोदाबाई आतून म्हणाली.

गिरधरला तिचं आश्चर्य वाटलं. जसोदावहिनी आणि सिंधू या दोघी जावांचं एका चुलीवर कधी पटलं नव्हतं. मिठावरून, विरजणावरून, कोणी आधी न्हायचं यावरून त्या भांडत. सुट्टीत आला की गिरधरला दोघींची गाऱ्हाणी ऐकावी लागत. आता तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि पदर सारखा करत म्हणाली, "डेरगं लई येल शे भाऊ, कुंभारवाडाथून. लालच देखीसन लिन्हं. तिले लाल आवडे."

आखाजीला खानदेशात प्रत्येक घरी पितरांची घागर भरतात. ज्या घरचं माणूस त्या वर्षात गेलं असेल, तिथे त्याच्या नावाचं वेगळं लहान मडकं भरतात, ते डेरगं. त्यावर लोटी, लोटीवर खरबूज, सांजोरी, आंबे. आणि घागर असो की डेरगं, खाली मातीची चार ढेकळं. चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने. दुसऱ्या दिवशी मडकं उचलायचं. जे ढेकूळ भिजलं तो महिना भिजणार, जे कोरडं राहिलं तो कोरडा जाणार. गावातले लोक सकाळी एकमेकांना विचारत, "तुन्हं जेठ कसं शे? मन्हा श्रावण कोरडा गया रे."

घरची ढेकळं आजवर सिंधू आणत असे. पहाटे नदीकडच्या शेतात जाऊन चारी बांधांवरून एकेक. या वर्षी भिकुबाई म्हणाली, "तिन्हा हातनं काम व्हतं. आते तिन्हा माणूस करी."

"त्याना इश्वास तरी शे का ह्यावर?" दगूबाईने विचारलं.

"इश्वास कोन इचारस? ढेकळं लई ये म्हनी ऱ्हायनू मी."

आखाजीच्या सकाळी गिरधर शेतात गेला. जमीन भेगाळलेली होती. त्याने ढेकळं निवडली, धोतराच्या सोग्यात बांधून आणली, देवघरासमोर मांडली. आई बाजूला बसून एकेकाचं नाव घ्यायला सांगत होती आणि तो घेत होता. जेठ. आषाढ. श्रावण. चौथं ठेवताना त्याला भादवा म्हणावं लागलं. तो महिना त्याच्या तोंडातून लवकर निघेना. शेवटी जसोदाबाईच हळूच म्हणाली, "भादवा." मग त्याने ते ढेकूळ खाली ठेवलं, वर डेरगं ठेवलं, आणि सिंधूचं नाव घेऊन पाणी ओतलं.

दुपारी सगळे जेवून पडले तेव्हा तो झोक्यापाशी येऊन बसला. झोका रिकामा होता.

पुण्याला बदली झाल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला सिंधू याच झोक्यावर बसली होती. वय झालं तरी झोक्याची हौस गेली नाही म्हणून जसोदावहिनी तिला हसत होती. त्या दिवशी तिने त्याला विचारलं होतं की तुम्ही एवढी वर्षं दूरदेशात बसून करता तरी काय. त्याने झोका धरून तिला दाखवलं. हा समुद्र आहे असं समज. इतका मोठा की एका टोकाला रात्र असते तेव्हा दुसऱ्याला दिवस. एका टोकाला हवेचं वजन चढलं की दुसऱ्या टोकाला उतरतं. काही वर्षं इकडे, मग काही वर्षं तिकडे. झोका त्या बाजूला गेला की आपल्याकडे पाऊस कमी. या बाजूला आला की जास्त.

सिंधूने पाय टेकून झोका थांबवला होता. "मंग तो झोका कोन देस?"

तो आधी हसला होता. पण सिमल्याच्या मोठमोठ्या साहेबांनी हा प्रश्न त्याला इतका सरळ विचारला नव्हता.

"ते आजून कोनलेच माहीत नही," तो म्हणाला होता.

"मंग तुम्ही काढा."

त्यानंतर दरवर्षी आखाजीला ती त्याला दोन गोष्टी विचारी. झोका कोण देतं ते सापडलं का, आणि यंदा पाऊस कसा. पहिल्याला तो म्हणे, नाही. दुसऱ्याला म्हणे, सांगता येत नाही. तेही खरंच होतं. आकडे साऱ्या देशाचा अंदाज देत. दहा वेळा सांगितलं तर चार वेळा चुकत. आणि एका कोरीटचा पाऊस त्यातून काढणं म्हणजे तापीच्या पुरावरून एका विहिरीचं पाणी सांगण्यासारखं होतं. साहेब लोकांना हे आवडत नसे. त्यांना सरकारला कळवायला एक ठाम वाक्य लागे. गिरधरच्या टिपणांवर त्यांनी किती वेळा लाल रेघ ओढली होती. या माणसाचा हात कच्चा आहे असं ते म्हणत. सिंधू काही म्हणत नसे. "बरं," म्हणे, आणि उठून कामाला लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेरगं उचलायला भाऊबंद जमले. हिलाल आंघोळ करून फेटा बांधून पुढे बसला होता. गिरधरने मडकं उचललं.

चारही ढेकळं भिजून गाळ झाली होती.

"वा रे वा!" हिलालने मांडीवर थाप मारली. "जेठ वल्लं, आषाढ वल्लं, श्रावण वल्लं, भादवा तं चिखल! असं कधी देखं व्हतं का, माय? आमशा, पेववरनी माती काढाले लाग. गाड्या येतीनच आते."

"दादा," गिरधर म्हणाला, "जरा थांब."

"काय?"

"यंदा पेव नको उघडू."

हिलालने त्याच्याकडे वळून पाहिलं. हिलाल वाईट माणूस नव्हता. बाप गेल्यावर त्याने मोट हाकली म्हणून गिरधर धुळ्याला आणि पुण्याला शिकला. स्वतःच्या अंगावर जुनं धोतर ठेवून त्याने भावाला कोट शिवला होता. हे घरात कोणी बोलून दाखवत नसे. हिलालही नाही. त्यामुळे त्याच्यापुढे बोलणं गिरधरला जड जाई.

"कसाले नको?"

"समुद्र उलटेल शे. हिवाळापाईन उलटेल शे. डार्विनले वजन चढेल शे, तिकडे पार पलीकडे उतरेल शे. असं व्हयनं का आपलाकडे पानी मागे सरकस."

"सरकस का सरकी?"

"बराच येळा सरकस."

"मंग सांग ना असं. कोरीटले यंदा पानी पडाव नही. बठासना समोर सांग. मी आत्ते गाड्या परत धाडस."

गिरधरने तोंड उघडलं. म्हणून टाकावं, पडणार नाही. एवढं एक वाक्य म्हटलं की पेव वाचत होतं. पण लढाईमुळे अर्धे रकाने कोरे होते, आणि भरलेले असते तरी कोरीटचं नाव कोणत्याच रकान्यात नव्हतं.

"ते सांगता येत नही, दादा," तो म्हणाला.

भाऊबंदांत कोणीतरी हसलं. हिलालही हसला, पण रागाने. "देखा! सरकार ह्याले पगार देस. कसाना? तं सांगता येत नही, असं सांगाना! अरे, ते तं मी फुकटमा सांगी देतू!"

आता सगळेच हसले. गिरधरही कसनुसा हसला.

"अन् पानी कमी पडनं तरी इंजिन शे ना," हिलाल पुढे म्हणाला. "त्यानासाठे तं ली ऱ्हायनू. तू शिकेल शे, तुले इंजिन नको, मोटच जोयजे का?"

"इंजिन पानी उपसस, दादा. बनावत नही. हिरमा नही ऱ्हायनं तं काय उपसशी?"

"हीर आटनी नही कधी."

"छप्पन्यामा आटनी व्हती."

छप्पन्याचं नाव निघालं तसं हिलालचं तोंड बदललं. पण त्याच्या आधी दगूबाई उठली. "भाऊ, तू काय करी ऱ्हायना तुले समजस का? हाई वहिनीनं डेरगं शे. पहिली आखाजी शे तिन्ही. ती सांगी ऱ्हायनी, पानी पडी. मरीसन सांगी ऱ्हायनी. अन् तू बठासमोर तिले खोटं पाडी ऱ्हायना? जिती व्हती तवय तिले पुनं दखाडं नही. गयी तवय येळवर ऊना नही. आते तिन्हं डेरगं बी खोटं?"

गिरधर भिजलेल्या ढेकळांकडे बघत राहिला. भादव्याच्या चिखलात मडक्याच्या बुडाचा ठसा उमटला होता. सिंधूने खरोखर काही सांगितलं असतं तर त्याने समुद्र बाजूला ठेवला असता. पण मेलेलं माणूस सांगत नसतं, हे त्याला या आठ महिन्यांत रोज कळलं होतं.

"डेरगं कोरं व्हतं," चुलीकडून आवाज आला.

जसोदाबाई दारात येऊन उभी होती. चार पुरुषांत ती कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढून घेतला होता.

"काय म्हनी ऱ्हायनी?" हिलालने विचारलं.

"नवं मडकं झिरपस. ती लई येवावर आठ-आठ दिन पानीमा बुडाडी ठेवे. मंग भरे. मन्हा ध्यानमाच नही ऱ्हायनं. ते काम तिन्हंच व्हतं, मी कधी देखाले नही गयी. कोरं मडकं भरं म्हनीसन बठ्ठं वल्लं व्हयनं. ती काय बोलनी नही नि काय नही. मन्ही चूक शे ती."

हिलाल चिडला. "बरं, नसू दे ढेकळं! हाऊ तरी काय सांगी ऱ्हायना? हाऊ बी सांगता येत नही म्हनस."

"तेच तं." जसोदाबाई एक पाऊल पुढे आली आणि दिराकडे वळली. "गिरधरभाऊ, एक इचारू? ती दर आखाजीले तुमले इचारे ना, पानी कसं म्हनीसन?"

"हां, वहिनी."

"अन् तुम्ही काय सांगेत?"

"हेच. सांगता येत नही."

"मंग ती घरमा ये. माले म्हने, जिजी, पेवनं तोंड बंद. मी म्हनू, कसाले वं, काय सांगं त्यासनी? ती म्हने, ते म्हनतस सांगता येत नही. इतला शिकेल माणूस, साता समुद्रनं देखस, अन् तो सांगाले घाबरस, तं आपुन कसाना जोरवर पेव उघडो? ढेकळं वल्लं ऱ्हावो का कोरडं, ती दरवरीस हेच म्हने. आमन्हं भांडन व्हये त्यावर. पन ती आयकी नही." तिने डोळे पुसले. "तीन साल पहिले पानी गयं तवय आपुन काय खादं? पेवमानंच ना? आमशानी पोरं काय खादं?"

आमशा पेवापाशी फावडं धरून उभा होता. त्याने मान खाली घातली.

गिरधर तिथेच ओसरीच्या कडेला बसला. ज्या शब्दांवर साहेबांनी उभ्या जन्मात लाल रेघ मारली, जे शब्द बोलताना त्याला दरवर्षी तिच्यासमोर लाज वाटली, त्यांच्यावर हे घर इतकी वर्षं जेवत होतं. आणि तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. 'बरं' एवढंच म्हणून ती उठून आत जात होती.

"तू बी?" हिलाल बायकोला म्हणाला. राग होता, पण आवाजात जोर नव्हता. "तुन्हं नि तिन्हं तं कधी पटनं नही."

"पटनं नही ते चुल्हानं," जसोदाबाई म्हणाली. "पेवनं नही."

दगूबाई भिंतीला टेकून उभी होती.

मग भिकुबाई बाजेवरून म्हणाली, "हिलाल."

"काय, माय?"

"छप्पन्याना साले बी ढेकळं वल्लं व्हतं. चारी. तुन्हा बाप असाच मांडीवर हात मारीसन हासना व्हता. मी पेवनी माती काढू लागनू त्याले. मन्हा ह्या हातसवरी." तिने हात पुढे केले. "दोधू त्या हातसवर गया मंग."

हिलालने आईच्या हातांकडे पाहिलं. नंदुरबारच्या गाड्यांचा आवाज वेशीपाशी यायला लागला होता. त्याने फेटा काढला आणि मांडीवर ठेवला.

"आमशा, फावडं ठेव," तो म्हणाला. "गाड्यावाल्यासले सांग, दिवायीले या. अन् चहा पाज त्यासले. इतला लांब ऊन्यात." मग गिरधरकडे न बघता तो म्हणाला, "नदीकडनं वावर जवारीले ठेवस. बाकी कापूस पेरसू. पानी जर धो धो पडनं ना गिरधर, तं इंजिन मी तुन्हा डोकावर ठीसन नंदुरबारथून चालत लई येसू."

"लई येजो," गिरधर म्हणाला. "मी चालसू."

हिलाल शेतावर निघून गेला. त्याचं मन मोडलं होतं, ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं. इंजिनाची हौस त्याला बऱ्याच वर्षांची होती. पाऊस चांगला झाला तर हे त्याला जन्मभर टोचणार होतं, आणि ते टोचणं गिरधरच्याच नावावर राहणार होतं. गिरधरला ते समजत होतं.

संध्याकाळी त्याची परतीची गाडी होती. पुण्याला जूनच्या अंदाजाचं काम तसंच पडलं होतं. निघताना दगूबाईने त्याच्या पिशवीत डेरगावरचे दोन आंबे घातले. तो ओटा उतरला तेव्हा मागून म्हणाली, "पुढला साले लवकर ये. डेरगं मी आठ दिन आगोदर बुडाडी ठेवसू."

"पुढला साले डेरगं नही ऱ्हास, दगू. घागरमाच येस ती मंग, बठासंगे."

"हां," ती म्हणाली. "ते बी शे."

आमशाने बैल जुंपले. हिलालच्या मुली परत झोक्यावर चढल्या होत्या. एक बसली होती, दुसरी मागून ढकलत होती आणि झोका पार निंबाच्या शेंड्याकडे जाऊन परत येत होता. गिरधर गाडीत बसून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. पुण्याला गेल्यावर कोरे रकाने कोरेच ठेवून त्याला अंदाज लिहायचा होता, आणि साहेबांनी रेघ मारली तरी शेवटी सांगता येत नाही हेच लिहायचं होतं.

पेवावरची माती होती तशी होती. झोका कोण देतं, हे शोधायचं राहिलं होतं.